अंगणातील हिरवळ आणि गावाचे पाणी

पाणी जपून वापरावे, हा उपदेश आपल्याकडे शेतकऱ्याला वर्षानुवर्षे केला जात आहे. उसाला पाटाने पाणी देऊ नये, फळबागेला ठिबक बसवावे, कांद्याला तुषार संच वापरावा, ह्या गोष्टी सभेत, शिबिरात व शिवारफेरीत सांगितल्या जातात आणि त्या योग्यच आहेत. परंतु पाण्याचा हा विचार शेताच्या बांधापाशी येऊन थांबतो. घराभोवतालचे आवार, शाळेचे पटांगण, ग्रामपंचायतीच्या कचेरीपुढील बाग, मंगल कार्यालयाचे मैदान, येथे किती पाणी जाते, ते कोणत्या वेळी जाते व त्याचा उपयोग काय होतो, ह्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. पाणी थोडे असते, नळ हाताशी असतो, आणि चार पानांना पाणी घालणे हे पुण्यकर्म समजले जाते, म्हणून हे खाते कोरेच राहते.

गेल्या काही वर्षांत हे खाते वाढत चालले आहे. रस्त्याकडेच्या शेतात बंगले उभे राहिले, गावोगाव नळयोजना झाल्या, आणि नव्या घरापुढे हिरवळ हवीच अशी समजूत रुजली. शहरात जिला लॉन म्हणतात, तीच ही हिरवळ. रोपवाटिकेतून तिच्या चटयांसारख्या गुंडाळ्या येतात, एका दिवसात त्या अंथरल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून रबरी नळी सुरू होते. हिरवळ वाईट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तिने धूळ बसते, जमीन तापत नाही, पावसाने माती वाहून जात नाही आणि मुलांना खेळायला जागा मिळते. परंतु पाणी घेणाऱ्या प्रत्येक पिकाला जो प्रश्न आपण विचारतो तोच हिरवळीलाही विचारला पाहिजे: तू किती पाणी पितेस, आणि त्या बदल्यात काय देतेस? ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तेथे हिरवळ करू नये. आणि जेथे ती आहे, तेथे तिला मोजून पाणी द्यावे, हे ह्या लेखाचे सांगणे आहे.

एका गुंठ्याचा हिशेब

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर उंचीचे पाणी साचविले, तर ते एक लिटर भरते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा गुंठाभर हिरवळीला एक मिलीमीटर पाणी द्यावयाचे, तर सुमारे १०० लिटर लागतात. आठवड्याला २५ मिलीमीटर म्हणजे एक इंच पाणी दिले, तर अडीच हजार लिटर होतात.

आता दुसरी बाजू पाहू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण धरले आहे. ह्या प्रमाणाने आठवड्याला अडीच हजार लिटर पिणारी एक गुंठा हिरवळ सहा ते सात माणसांचे पाणी घेते. हा झाला मोजून पाणी देणाऱ्या मालकाचा हिशेब. वास्तविक असे मोजून कोणी देत नाही. अर्धा इंची नळीतून एका मिनिटाला १५ लिटर पाणी येते असे धरू. नळी रोज संध्याकाळी एक तास सोडून ठेवली, तर ९०० लिटर होतात, म्हणजे सोळा माणसांचा दिवसाचा वाटा. महिन्याला ते २७ हजार लिटर होते. दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर एका अंगणात मुरतात, आणि मालकाला मात्र आपण ‘थोडेसे पाणी शिंपडतो’ असेच वाटत असते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. वरील हिशेबाने पाहिले, तर तेवढे पाणी अशा अठरा अंगणांतील हिरवळी एका महिन्यात संपवितात. हे लक्षात घेतले म्हणजे ‘थोडेसे’ ह्या शब्दाची किंमत कळते.

आपले अंगण आणि परकी हिरवळ

आपल्या घरापुढील जागेला अंगण म्हणतात. ते सारवलेले, झाडलेले, मध्ये तुळशीवृंदावन, एका कडेला मोरीच्या पाण्यावरची केळ आणि अळू, दारात पारिजातक किंवा जास्वंद, कुंपणाला शेवगा, असे असे. ह्या अंगणाला वेगळे पाणी लागत नसे. माणसांनी वापरून सोडलेल्या पाण्यावरच त्याची हिरवाई टिकत असे. दुष्काळी मुलखातील माणसाने पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने केलेली ही रचना होती.

सपाट, कातरलेली, बारमाही हिरवी दिसणारी हिरवळ ही मूळची इंग्लंडसारख्या थंड देशातील. तेथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, ऊन सौम्य असते, आणि गवत जवळजवळ आपोआप हिरवे राहते. साहेबाच्या बंगल्याबरोबर ती आपल्याकडे आली, तेथून क्लबात व कचेरीत गेली, आणि आता प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून खेड्यात उतरली आहे. आपला पाऊस मात्र चार महिन्यांचा आहे. सोलापूर, अहिल्यानगर, बीड ह्या भागांत मे महिन्यात उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला दहा मिलीमीटरच्या आसपास वाफ होऊन उडते. अशा हवेत इंग्लंडची हिरवळ राखावयाची, म्हणजे सूर्याशी स्पर्धा करण्यासारखे आहे, आणि त्या स्पर्धेत खर्ची पडते ती आपली विहीर.

ह्यात एक गमतीची विसंगती आहे. आपल्याकडील पुष्कळशी हिरवळ ज्या गवताची असते, ती दुसरी कोणी नसून हरळीच होय. शेतातील हरळीच्या काशा वेचून काढण्यासाठी शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, मजूर लावतो. आणि तीच हरळी बंगल्यापुढे पाणी घालून वाढविली जाते. ‘हरळीची मुळी’ हा शब्द आपण चिवटपणासाठी वापरतो, तो उगाच नव्हे. जे गवत नांगराला दाद देत नाही, त्याला रोज पाणी दिले नाही तर ते मरेल, ही भीती निराधार आहे. कडक उन्हाळ्यात हरळी पिवळी पडते, पण तिच्या काशा जमिनीत जिवंत राहतात. मृगाचा पाऊस पडताच ती पुन्हा पोपटी होते. तेव्हा उन्हाळ्याचे दोन महिने हिरवळ पिवळी राहू देणे हा कमीपणा मानू नये. कोरड्या मुलखातील गवताचा तो धर्मच आहे.

‘शेतीला इतके जाते, मग अंगणाचे काय?’

ह्या विषयावर बोलताना एक आक्षेप हटकून येतो. बहुतेक पाणी शेतीत वापरले जाते. उसाच्या एका फडाला जेवढे लागते, तेवढे साऱ्या गावच्या अंगणांना लागणार नाही. मग ह्या थेंबांचा विचार कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली अशी की, अंगणात जाणारे पाणी बहुधा पिण्याच्या योजनेचे असते. ते उपसलेले असते, टाकीत चढविलेले असते, त्यात औषध टाकलेले असते, आणि त्याचे वीजबिल सर्व गावाने भरलेले असते. कालव्याच्या पाण्याशी त्याची तुलना होत नाही. उंचावरच्या घरी नळाला हंडाभर पाणी येत नाही, ते पुष्कळदा खालच्या आळीतील नळी उघडी राहिल्यामुळे, हे गावात कोणालाही विचारले तरी कळेल.

दुसरी गोष्ट वेळेची. शेतातील पिकांचा मुख्य हंगाम एप्रिल-मेच्या आधी संपलेला असतो. हिरवळीची तहान मात्र नेमकी त्याच महिन्यांत सर्वांत मोठी असते, जेव्हा विहिरीचा तळ दिसू लागतो. त्या काळातील एक हंडा पाणी ऑगस्टमधील दहा हंड्यांच्या मोलाचे असते. म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मैदानांना लागणारे पाणी राज्याच्या एकूण वापराच्या मानाने अल्पच होते. प्रश्न प्राधान्याचा होता. मार्च २०२४ मध्ये बंगळूर शहरातही पिण्याचे पाणी बागांना व वाहने धुण्यास वापरण्यावर बंदी घालावी लागली आणि ५,००० रुपये दंड ठरवावा लागला. दंडाची पाळी येण्यापूर्वीच गावाने आपला नियम केला, तर ते अधिक शोभून दिसेल.

तिसरी गोष्ट विश्वासाची. शेतकऱ्याला ठिबकचे महत्त्व सांगणाऱ्या कचेरीपुढेच भर दुपारी फवारा फिरत असेल आणि पाणी फरशीवरून गटारात वाहत असेल, तर त्या उपदेशाचे वजन काय राहणार? ‘साहेब, आधी आपली नळी बंद करा,’ असे शेतकरी मर्यादेने तोंडावर म्हणत नाही, एवढेच.

हिरवळ असेल, तर पाणी कसे द्यावे

जेथे हिरवळ आहे व ती राखावयाची आहे, तेथे निम्म्या पाण्यात ती चांगली राखता येते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

नळीचा प्रवाह मोजावा. पंधरा लिटरची बादली नळीखाली धरून ती भरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. बादली एका मिनिटात भरली, तर अर्ध्या तासात ४५० लिटर पाणी जाते, म्हणजे गुंठ्याला साडेचार मिलीमीटर. फवारा असेल, तर एकाच आकाराचे, सपाट बुडाचे पाच-सहा पत्र्याचे डबे हिरवळीवर निरनिराळ्या ठिकाणी ठेवावेत, पंधरा मिनिटे फवारा चालवावा आणि प्रत्येक डब्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी. कोणत्या कोपऱ्यात पाणी दुप्पट पडते व कोणता कोपरा कोरडा राहतो, हेही ह्यातून समजते. कोरडा कोपरा हिरवा करण्यासाठी सर्व हिरवळीला जास्त पाणी पाजणे ही नेहमीची चूक आहे. फवाऱ्याची जागा बदलणे हा तिच्यावरचा उपाय.

रोज थोडे देण्याऐवजी क्वचित पण खोल द्यावे. रोज वरवर शिंपडलेले पाणी वरच्या बोटभर मातीत राहते व दुपारपर्यंत उडून जाते. मुळे पाण्यामागे जातात. पाणी वर असले की मुळेही वरच राहतात, आणि एक दिवस नळ आला नाही की गवत कोमेजते. ह्याउलट पाणी वीतभर खोल गेले, तर मुळेही खोल जातात आणि गवत आठवडाभर तग धरते. पाणी दिल्यानंतर काही तासांनी लोखंडी सळई किंवा छत्रीची काडी जमिनीत खुपसून पाहावी. ती जेथवर सहज जाते, तेथवर ओल गेली असे समजावे. वीतभर ओल पुरेशी आहे.

पाणी केव्हा द्यावे, हे कॅलेंडरवर न ठरविता गवताला विचारावे. हिरवळीवरून चालून गेल्यावर पाऊल उमटून राहिले व पाती पुन्हा उभी राहिली नाहीत, किंवा हिरव्या रंगावर निळसर-राखी झाक आली, की पाण्याची वेळ झाली. त्याआधी पाणी देऊ नये. मध्यम काळ्या जमिनीत ही वेळ हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी येते. पावसाळ्यात मोठी उघडीप पडल्याशिवाय पाणी देण्याचे कारणच नाही.

पाणी पहाटे किंवा अगदी सकाळी द्यावे. त्या वेळी वारा पडलेला असतो व ऊन नसते, त्यामुळे पाणी हवेत न उडता जमिनीत मुरते. दुपारी दिलेल्या पाण्याचा बराच भाग वाया जातो. रात्री दिल्यास पाती रात्रभर ओली राहून बुरशीचे रोग येतात.

जमीन ओळखून पाणी द्यावे. भारी काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. फवारा तासाला वीस मिलीमीटर देत असेल, तर जमीन तेवढे पिऊ शकत नाही आणि पाणी रस्त्यावर वाहते. तेथे दहा मिनिटे पाणी द्यावे, अर्धा-पाऊण तास थांबावे व पुन्हा दहा मिनिटे द्यावे. मुरमाड व रेताड जमीन पाणी लवकर पिते, पण धरून ठेवीत नाही. तिला एका वेळी १२ ते १५ मिलीमीटरच द्यावे आणि पाळ्या थोड्या जवळ घ्याव्यात. अशा जमिनीत हिरवळ लावण्यापूर्वी चांगले कुजलेले शेणखत मिसळल्यास ती पाणी अधिक काळ धरते.

गवत फार खाली कापू नये. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये, आणि उन्हाळ्यात ते जरा वाढू द्यावे. उंच पाती मुळांवर सावली धरतात. कापलेले गवत बारीक असेल, तर तेथेच पसरू द्यावे. ते आच्छादनाचे काम करते व कुजून खत होते. उन्हाळ्याच्या तोंडावर युरिया टाकून गवताला जबरदस्तीने वाढवू नये, कारण वाढीला पाणी लागते.

नवी हिरवळ उन्हाळ्यात कधीही लावू नये. नव्या गवताला पहिले दोन-तीन आठवडे वारंवार पाणी लागते, ते जून-जुलैमध्ये पाऊस फुकट देतो. आणि हिरवळ करावयाचीच, तर वापर असेल तेवढ्याच जागेत करावी. मुले खेळतात, माणसे बसतात, तो तुकडा पुरे. कुंपणाच्या कडेची अरुंद पट्टी, भिंतीलगतचा कोपरा, उताराची जागा, येथे गवतापेक्षा झुडपे बरी. कारण अशा जागी निम्मे पाणी भिंतीवर व फरशीवरच पडते.

मोरीचे पाणी हीच अंगणाची विहीर

पाच माणसांच्या घरात ५५ लिटरच्या प्रमाणाने दिवसाला २७५ लिटर पाणी येते. त्यातील निम्म्याहून अधिक आंघोळ, धुणे व भांडी ह्यांतून बाहेर पडते. म्हणजे रोज दीडशे लिटरच्या आसपास पाणी दाराशी तयार असते. पुष्कळ ठिकाणी ते रस्त्यावर चिखल करते आणि डासांची पैदास करते. हेच पाणी वळविले, तर अंगणाला नळाचे पाणी लावण्याची गरज बहुतेक संपते. सन २०००-०१ पासून सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने शोषखड्डे व सांडपाण्यावरील परसबागा ह्यांची ओळख गावोगाव करून दिली. ती सवय जेथे टिकली, तेथे उन्हाळ्यातही केळी हिरव्या दिसतात.

हे करताना काही पथ्ये पाळावीत. संडासाचे पाणी ह्यात कधीही मिसळू देऊ नये. मोरीचे पाणी आधी विटांचे तुकडे व जाड वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून काढावे, म्हणजे तेलकट गाळ तेथे अडतो. हा खड्डा आठवड्याला साफ करावा. पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नये. कपडे धुण्याचे पहिले, साबण-सोड्याचे पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्यावे व नंतरचे खळबळलेले पाणी झाडांना द्यावे; कारण सोड्याने काळी जमीन घट्ट होते व वर पांढरट थर येतो. त्याच आळ्यात रोज न सोडता दोन-तीन आळी करून पाणी आलटून पालटून फिरवावे. केळ, अळू, कर्दळ, नारळ, शेवगा ह्यांना हे पाणी मानवते. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना मात्र ते देऊ नये.

हिरवळीला पर्याय

आवाराची शोभा केवळ गवतानेच येते, असे नाही. शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, लिंबू, डाळिंब ही झाडे पहिली दोन वर्षे सांभाळली की पुढे थोड्या पाण्यावर राहतात आणि घराला काही ना काही देतात. मोगरा, जास्वंद, पारिजातक, बोगनवेल ही फुलझाडे, कोरफड व गवती चहा ह्यांसारख्या औषधी वनस्पती अंगण भरून टाकतात. कण्हेरही कमी पाण्यात फुलते; परंतु तिची पाने विषारी असल्याने जनावरांच्या गोठ्याजवळ ती लावू नये. शाळेच्या आवारात एक गुंठा हिरवळीऐवजी एक गुंठा परसबाग केली, तर तेवढ्याच पाण्यात मुलांच्या ताटात भाजी येते, आणि मुले हाताने काम करून पाण्याचे मोल शिकतात.

झाडांना पाणी देण्याच्या जुन्या रीती अजूनही उत्तम आहेत. पाणी खोडाशी न घालता, मध्यान्ही झाडाची सावली जेथे संपते त्या कडेला आळे करून द्यावे. शोषून घेणारी मुळे तेथे असतात. लिंबू व संत्र्याच्या झाडाला खोडाभोवती मातीची भर देऊन बाहेर दुसरे आळे करावे, म्हणजे खोड कोरडे राहून डिंक्या रोग टळतो. आळ्यात उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा, पण खोडाला चिकटवू नये. आच्छादनाखालची माती दुपारीही ओलसर राहते, हे कोणालाही हात घालून पाहता येईल.

लहान रोपासाठी मडक्याची रीत करावी. सात-आठ लिटरचे, न रंगविलेले, पाझरणारे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, भरावे व वर झाकण ठेवावे. माती कोरडी असेल तसे मडके पाझरते आणि ओली असेल तेव्हा थांबते. तीन-चार दिवसांनी ते पुन्हा भरावे लागते. घेताना मडके पाण्याने भरून काही वेळ ठेवावे. बाहेरून घाम आल्यासारखे दिसले, तर ते योग्य समजावे.

पावसाळ्यात छपराकडे लक्ष द्यावे. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलीमीटर पाऊस पडला, तर गळती-वाफ वजा जाता सात हजार लिटरच्या वर पाणी हाती येते. पन्हळ लावून ते पाणी गाळून टाकीत साठविले, किंवा विहिरीजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडले, तर अंगणाने उन्हाळ्यात घेतलेले कर्ज पावसाळ्यात फिटते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ह्या कामाला योजना, अनुदान किंवा मोठे यंत्र लागत नाही. बादली, पत्र्याचे डबे, फूटपट्टी व थोडी चिकाटी पुरेशी आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिला प्रयोग स्वतःच्या कचेरीच्या आवारात करावा. नळीचा प्रवाह मोजून महिन्याला किती लिटर पाणी बागेला जाते तो आकडा दर्शनी फलकावर लिहावा, आणि पुढील महिन्यात तो निम्म्यावर आणून दाखवावा. चार व्याख्यानांपेक्षा हा फलक अधिक काम करील. त्यानंतर शाळा, मग मंगल कार्यालय, आणि शेवटी घरोघर, अशा क्रमाने जावे. घरी जाताना हे ध्यानात ठेवावे की, नळाचे, मोरीचे व परसाचे खरे व्यवस्थापन घरातील स्त्रियांच्या हाती असते. पाणी नसेल, तेव्हा हंडा घेऊन त्याच बाहेर पडतात. तेव्हा ही बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी व त्यांच्याशीच बोलून घ्यावी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याचा पायंडा घालून दिला आहे. पावसाळा संपल्यावर किती पाऊस झाला हे पाहावयाचे, पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्या पाण्यात कोणते पीक बसते ते ग्रामसभेने ठरवावयाचे, अशी ती पद्धत आहे. आपल्या गावचा असा ताळेबंद होईल तेव्हा त्यात अंगण, कचेरी व मैदान ह्यांचीही एक ओळ असावी, आणि होळीपासून मृगापर्यंत पिण्याच्या योजनेचे पाणी हिरवळीला देऊ नये असा ठराव ग्रामसभेने करावा, अशी आमची सूचना आहे. ठराव सर्वांना सारखा लागू असावा. सरपंचाच्या बंगल्याला सूट आणि इतरांना नियम, असे झाले तर तो कागदावरच राहील.

शेतकरी बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे की, घरापुढे हिरवे असावे ही हौस चांगली आहे आणि ती जरूर पुरवावी. मात्र ती हौस शेजारच्या हंड्यातून पुरवू नये. येत्या उन्हाळ्यात नळीला हात लावण्यापूर्वी बादली घेऊन तिचा प्रवाह एकदा मोजावा, मोरीचे पाणी कोठे जाते ते पाहावे, आणि मग अंगणात काय लावावयाचे ते ठरवावे.